बांधातली शिट्टी

२ तारीख
आणि दादाने परत तेच म्हणावं? फोन ठेवता ठेवता तेच, तू टिकलायस कुठे आजवर? गॅरेज सोडलं ते मालक हात उचलायचा म्हणून. बेकरी सोडली ती भट्टीने डोळे जायला लागले म्हणून. पण ऐकतो कोण! याच्या पायाला भिंगरी, विषय संपला. म्हणून ही वही. रोज लिहिणार आणि वर्ष झालं की दादाच्या हातात देणार. शाळा सातवीतच सुटली, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, तरी वाच म्हणावं.

जागा मात्र झकास. साहेबांचं खाजगी तळं, निव्वळ हौसेचं. ओढ्याला मातीचा बांध घालून पाणी अडवलंय. वर रंगीत होड्या, खाली बांधाच्या पायथ्याशी पाहुण्यांचे पांढरे तंबू, आणि त्यांना लागून माझी खोली. फरशी, खिडकी आणि चक्क दोन खाटा! दुसरी खाट बघून आई आठवली. दादाकडे ती जिन्याखाली झोपते, कूस बदलायची तर डोकं आपटतं. तिला इथेच आणतो.

काम म्हणजे बांधावरचं गवत कापायचं, होड्या पुसायच्या, तळं काठोकाठ ठेवायचं. पाणी खाली गेलं की पाहुण्यांची तोंडं उतरतात, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट असते तिथे, फळ्या लावल्यात.

५ तारीख
बांधाच्या माथ्यावर, सांडव्याजवळ, परातीएवढा गोल तुकडा आहे. बाकी गवत वाळलेलं, हा हिरवागार. पाय ठेवला की गादीसारखा दबतो. होड्या चालवणारे नावाडीकाका लांबूनच ओरडले की तिथे उभा राहू नकोस, मागे खड्डा पडला होता, साहेबांनी ट्रॅक्टरने माती ओतलीय. त्याच दिवशी म्हणे आधीचा राखणदार कोणाला न सांगता गेला. पगाराच्या आदल्या दिवशी! मी म्हटलं, पगाराच्या आदल्या दिवशी मीसुद्धा पळत नाही काका, आणि पळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ते हसले नाहीत. त्या राखणदाराच्या गळ्यात लाल गोफाची शिट्टी असायची, होड्या परत बोलवायला. तीन वेळा वाजवायचा. ती घेऊन गेला म्हणून साहेबांचा अजून जळफळाट होतो, एवढंच बोलले.

९ तारीख
बांधाच्या बुडाशी एक पाईप आहे, त्यातून सारखं पाणी ठिबकतं. तंबूंपुढे चिखल होतो, पाहुण्यांचे बूट भरतात. साहेब म्हणाले, बंद कर ते. हे तर माझं हुकमी काम, घरची गळकी टाकी कायम मीच बुजवायचो. हात घातला तर आत आधीच कुजलेलं गोणपाट, कोणीतरी कोंबलेलं. ते ओढून काढलं. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. काका म्हणाले हवा असेल. मग दोघांनी मिळून नवं गोणपाट आणि चिकणमाती ठोसून ठोसून भरली. ठिबकणं बंद, आवाज बंद. साहेबांनी पाठ थोपटली. आजवर माझी पाठ कोणी थोपटली नव्हती.

१२ तारीख
वर फाटकापाशी रेंज मिळते, तिथून दादाला फोन केला. त्याने आईचं तिकीट काढलंय, सोळाला संध्याकाळी गाडीत बसेल. दादा म्हणतो, ती पोचेपर्यंत तू पळालेला असशील. मी आईची शपथ घेतली, नाही पळणार.
तिच्या खाटेखालची फरशी ओली आहे. पुसली तरी ओली. दुपारी तिथे बसलो होतो तर खालून शिट्टी आली. खिडकीतून बघितलं, काका वर होड्यांच्या घाटावर, नवी शिट्टी त्यांच्या गळ्यात. तोंडात नव्हती.

१४ तारीख
फरशी फुगून वर आलीय. फटीतून पाणी येतंय, चहासारखं गढूळ. साहेबांना दाखवलं. म्हणाले चटई टाक, शनिवारी सगळे तंबू भरलेत. फळ्या काढू का विचारलं तर म्हणाले, तूही त्याच्यासारखा पळणार वाटतं?
चटई टाकली.

१५ तारीख
बुजवलेलं पाणीच खोलीत फुटतंय असं वाटलं, म्हणून पाईप मोकळा करायला गेलो. गोणपाट निघेना. मी ओढतो तर — आतून कोणी ओढावं तसं. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. कसा सोडवला माझं मला माहीत.
हिरवा तुकडा खचलाय. त्यात पाणी गोल फिरतंय. शिट्टी तिथूनही येते. तीन वेळा, मग थांबते. होड्या बोलवतात तशी —

१६, सकाळ
फरशी फुटली. गढूळ पाण्यात लाल गोफ वर आला. मी ओढला. शिट्टी. तोंडाशी दातांच्या खुणा, खोल, जीव खाऊन चावल्यासारख्या.
तो गेलाच नव्हता. पगार ठेवून कोण जातं —
शिट्टी माझ्या मुठीत आहे. तरी खाली वाजतेय.

१६, सांडव्यावर
काका पाहुण्यांना गाडीत भरतायत. जा म्हटलं, सगळ्यांना वर न्या, फाटकाजवळून दादाला फोन लावा. म्हणाले तू चल. म्हटलं फळ्या निघाल्या तर पाणी इकडून जाईल, बांध वाचेल. ते म्हणाले वेडा आहेस का. म्हटलं वही घ्यायला परत या, तेवढं करा —
दोन फळ्या निघाल्या. तिसरी फुगलीय. तिच्यासाठी हिरव्या तुकड्यावर पाय द्यावा लागेल.
तीन वेळा. परत तीन. आता मला बोलावतोय.

दादा, आईला गाडीत बसवू नकोस. जिन्याखाली असू दे, पण तिथेच असू दे. आणि तिला सांग, या वेळी मी पळालो नाही. तिकिटाचे पैसे बुडतील ते मी भरतो. वहीत ठेवलेत, काका देतील. पाठवतोय चार हजार सात—