न विचारता टिपलेलं हसू

शनिवार, संध्याकाळ

मालवणच्या जेटीवर आज मासे विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीतला बांगडा मांजराने पळवला आणि ती डोकं मागे टाकून हसली. मी मोबाइलवर पटकन फोटो काढला. न विचारता. विचारलं असतं तर ते हसू तसंच राहिलं असतं का?

तिने पाहिलंच. "माका इचारलंस गो? घोव गेल्याक म्हयनो जावक नाय. मी हसतंय ता बघून लोक काय म्हणतले?"

"फोटो पुसून टाकते लगेच, मावशी," म्हणत मी फोटो तिच्यापुढे धरला. ती बघतच राहिली. स्वतःचं ते मोकळं हसू. मग हळूच म्हणाली, "आधी माझ्या चेडवाक धाड. कुडाळाक आसा. रोज माझो घोर करता. तेका बघूंदे."

मावशीने सांगितलेल्या नंबरवर मुलीला पाठवला आणि मावशीसमोरच माझ्याकडचा पुसला. इतका चांगला फोटो! हळहळ वाटली, खोटं कशाला लिहू? पण तो माझा होताच कुठे?

तेवढ्यात मावशीच्या मोबाइलवर मुलीचा फोन आला. "होय गो, मीच ता," म्हणता म्हणता ती रडू लागली. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिले.