आधी समोरच्याचे म्हणणे

बाई, खारबावच्या शाळेत दर शनिवारी तुम्ही आम्हांला वाद घालायला उभे करायचात. नियम एकच होता. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडायचे. त्याने मान हलवली, तरच पुढे बोलायचे. एका शनिवारी मी समोरच्या मुलाचे म्हणणे मांडण्याऐवजी त्याची वाक्ये सुधारत बसलो. तुम्ही खडू खाली ठेवता, माझ्याकडे पाहता आणि म्हणता, "त्याची भाषा मी बघीन. त्याला काय म्हणायचंय, ते तू बघ." मला ते लागले होते.

तुम्ही गेलात, त्याला फार वर्षे झाली. निवृत्तीनंतर मी निजामपुऱ्यातील, यंत्रमागांच्या वस्तीतल्या एका वाचनालयात जाहीर संवाद सुरू केले: एक प्राध्यापक, एक पाहुणा आणि एखादा मोठा प्रश्न. वेळ मुद्दाम भारनियमनाची ठेवतो, कारण वीज गेली की गल्लीतले माग थांबतात आणि माणसाचे बोलणे ऐकू येते. परंतु श्रोते रोडावत गेले. अखेर वाचनालयाच्या कार्यवाहांनी बजावले, "सर, या रविवारी लोक मधूनच उठले, तर हॉल साड्यांच्या सेलला देणार."

त्या रविवारी प्रश्न होता, यंत्राने माणसाला मोकळे केले की बांधले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका मुंबईहून आल्या होत्या. पाहुणे येथलेच, भातशेती करणाऱ्या घरातले मागमालक. थोड्याच वेळात दोघांचे बिनसले. "नफ्यापुढे तुम्हाला कामगार दिसत नाही," असे त्या म्हणाल्या. "म्याडम, तुमी लूम कधी बघितलाय का?" असे ते म्हणाले. मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. मी उठलो आणि तुमचा नियम सांगितला.

"यांच्या मते यंत्र चांगलं, कारण त्यातून पैसा मिळतो," प्राध्यापिका म्हणाल्या.

"न्हाय. मी तसा न्हाय बोललो."

लोक हसले. प्राध्यापिकांनी पुन्हा प्रयत्न केला. "यांचे वडील पावसाच्या भरवशावर जगले. मागामुळे घराला बारा महिने काम मिळालं. यांच्या लेखी तेच मोकळं होणं."

"हां, आता बरोबर हाय."

मग पाहुण्यांची पाळी. "म्याडम बोलतात, मालक लोक चोर."

"असं मी म्हटलेलं नाही."

"शेठ नापास," मागून कोणीतरी म्हणाले. शेठही हसले. मग खुर्ची प्राध्यापिकांकडे वळवून म्हणाले, "म्याडमचा म्हणना असा, का लूम थांबला तवाच माणूस थांबतो. मंग मोकला कोन, लूम का माणूस?"

"हो," त्या सावकाश म्हणाल्या. "हेच."

त्यानंतर खरा संवाद सुरू झाला, आणि तो रंगात आलेला असतानाच वीज आली. गल्लीभर माग धडधडू लागले. आता सारे उठणार, असे मी धरून चालतो. कोणी उठत नाही. खुर्च्या उचलून लोक टेबलाभोवती दाटी करतात; एक विणकर हिंदीत ओरडून काही विचारतो आणि प्राध्यापिका कानामागे हात धरून वाकतात. कार्यवाह रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतात आणि माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "साड्यांचं राहू द्या, सर."

हे पत्र टपालात पडणार नाही, आणि तुमचा नियम मी नीट मांडला की नाही, हे सांगायला तुम्हीही नाहीत. तरी एक कबूल करतो. पाहुण्यांचे ते "मोकला कोन"चे वाक्य मी घरी येऊन शुद्ध मराठीत लिहून पाहिले. त्यातले काहीतरी निसटले. शेवटी ते खोडले आणि त्यांनी म्हटले होते तसेच लिहिले.