बोटीवर तिसरं माणूस नाही

एक खोली, एक पलंग, भिंतीला एक गोल खिडकी तीही न उघडणारी, आणि त्यात आम्ही दोघं! तिकिटं काढताना तुला आणि तुझ्या आईला एवढं सुचलं नाही का, की ह्या दोघांच्या मध्ये बोलणार कोण? बोटीवर माणसं जत्रेसारखी, पण माझं ऐकून तुझ्या आजोबांना सांगेल आणि त्यांचं ऐकून मला सांगेल असं त्यात एक नाही. पंच्याहत्तरीची भेट म्हणे! असली भेट वैऱ्यालासुद्धा देऊ नये. हे आधी लिहून टाकलं, आता बाकीचं लिहिते.

प्रिय भिंगरी,

मी बरी आहे. तुझे आजोबाही बरे आहेत, दोन वेळा वाढून घेतात. फोन केला की तू नुसतं "हो आजी, हो आजी" करतेस, आणि त्या बोगदे खणणाऱ्या कंपनीला नोकरीचं काय कळवलंस असं विचारलं की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं. म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीत सुटली तेव्हा माझं अक्षर जिथे थांबलं तिथेच ते अजून उभं आहे, तर नीट डोळे लावून वाच. शेजारच्या खोलीत एक रिटायर झालेली नर्सबाई आहे. ती ह्या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. तिला आपलं बोलणं थोडं कळतं, पण वाचता येत नाही, हे मी आधी विचारून घेतलंय. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं होतं, बाई, जरा ह्यांना सांगाल का की औषधाची वेळ झाली? तर ती ह्यांच्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि म्हणते, आजी, मी रिटायर झालेय. झालं, दार लावून घेतलं तिने.

बोट म्हणजे आडवी पडलेली बहुमजली इमारत समज. जिने, गालिचे, आरसे, आणि उठल्यापासून खाणं. जेवणाच्या हॉलमधल्या खुर्च्या मी पहिल्या दिवशीच उलट्या करून बघितल्या. कापड बरं आहे, पण कोपऱ्यात घड्या न घालता नुसतं ओढून खिळे मारलेत. आपल्या खुर्च्या मढवायच्या दुकानात असं काम मी दारातून परत पाठवलं असतं. समुद्र मात्र खोटं कशाला बोलू, बघण्यासारखा आहे. सकाळी हिरवा, दुपारी निळा, आणि वारा फिरला की मखमलीवरून उलटा हात फिरवावा तसा एकदम गडद होतो. मखमलीचं नाव काढलं की माझं डोकं तापतं ते तुला माहीत आहे. तुला एवढंच माहीत आहे की आजी-आजोबा बोलत नाहीत. का ते तुझ्या आईने तुला कधी धड सांगितलं नसणार, कारण तिलाही अर्धंच माहीत.

तर ऐक. नाटकाच्या हॉलच्या सगळ्या खुर्च्यांना मखमल चढवायचं काम आपल्याला मिळालं होतं. कापणार हे, शिवणार मी. मखमलीला लव असते, ती सगळ्या खुर्च्यांवर एकाच बाजूला पडली पाहिजे. खुर्च्या बसवल्या, दिवे लावले, आणि अर्धा हॉल लाल, अर्धा हॉल काळपट. कापतानाच कापड फिरलं होतं. हॉलचा मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा, आणि तुझे आजोबा त्याला म्हणाले, शिवणारीने उलटं लावलं. मी तिथेच, त्या मॅनेजरसमोर सांगितलं, आजपासून माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. दुसरा नवरा असता तर चार दिवसांनी "चहा टाक" म्हणाला असता. पण ह्या माणसाने जन्मात कधी दिलेल्या मापाबाहेर कात्री नेली नाही. एक अक्षर नाही म्हटलं, तर एक अक्षर नाही! आधी दुकानातला कारागीर मध्ये होता, मग तुझी आई, तिचं लग्न झाल्यावर गिऱ्हाइकंसुद्धा. "यांना सांगा कात्री कुठे आहे," "त्यांना सांगा डोळे उघडून बघायला." मग तू शिकायला म्हणून आमच्याकडे आलीस आणि आमच्या मधल्या खुर्चीवर कायमची बसलीस. सगळ्यांना आमची गंमत वाटायची. मलाही वाटायची, उगाच नाही कशाला म्हणू.

तर बोटीवर. पहिल्या दिवशी सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून एका ओळीत उभं केलं, बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकवायला. जोडीदाराचे पट्टे आवळा म्हणाले. मी ह्यांचे असे आवळले की त्यांचा चेहरा जाकिटासारखा झाला, पण "सैल कर" म्हणतील तर शपथ. खोलीत आलो तर पलंगावर माकड! खोली झाडणारी बाई टॉवेलांचा कसला ना कसला प्राणी करून ठेवते. मी त्या माकडाला म्हटलं, माकडा, सांग यांना, ओले पाय गालिच्यावर ठेवू नका. हे माकडाला म्हणाले, सांग तिला, पाय कोरडे आहेत. चार दिवस आमचा संसार त्या माकडाने चालवला. नंतर हत्ती आला, त्याच्याशी माझं तितकं जमलं नाही.

पण डोळ्यांत थेंब माकड घालत नाही ना! काचबिंदूचे थेंब तू घालायचीस, आजोबा वर बघा, आजोबा हलू नका. ते चुकले तर उरलीसुरली नजर जाईल हे डॉक्टरने तुला सांगितलंय, मला सांगितलंय, सगळ्या जगाला सांगितलंय. इथे मी बाटली घेऊन उभी, हे खुर्चीत बसलेले, आणि "वर बघा" म्हणायची सोय नाही. मी बाटली हलवून खूण करायची, ह्यांना वाटायचं मी धमकी देतेय. एक थेंब नाकावर, एक कानात, एक माझ्याच बाहीवर. तेव्हा मला आठवलं ते बाथरूमचं. हे आत घसरले होते, आणि मला हाक मारायची सोडून पाण्याचा मग घेऊन बादलीवर ठक ठक वाजवत बसले. मी बाहेर उभी राहून दाराला विचारतेय, आत कोणी पडलंय का? तू कॉलेजातून आलीस आणि दार ढकललंस. आम्ही दोघं नंतर हसलो, वेगवेगळ्या खोल्यांत. तू हसली नाहीस. तुझ्या मनात तेव्हा काय बसलं ते मला बोटीवर येऊन, हातात थेंबांची बाटली धरून कळलं. उशीर झाला म्हण. माझी अक्कल बैलगाडीने येते.

काल एका लहानशा बेटापाशी बोट थांबली. तिथे धक्का नाही, पाणी उथळ. मोठ्या बोटीच्या पोटाला दार आहे, त्यातून छोट्या होडीत पाय टाकायचा. होडी वर येते, खाली जाते, आणि खलाशी ओरडेल तेव्हाच पाऊल उचलायचं. मी पलीकडे गेले. मागे हे. डावा कान कामाचा नाही, आणि खलाशी नेमका त्याच बाजूला उभा. तो हात आडवा करून थांब म्हणत होता आणि ह्यांनी पाय उचलला. होडी खाली चालली होती, मध्ये हे एवढं पाणी. मी काय सांगू तुला. माझ्या तोंडातून निघालं, अहो! थांबा! आत्ता नाही! एवढ्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली. हे थांबले. एका पायावर, बगळ्यासारखे. होडी वर आली, मी म्हटलं, आता टाका, आणि त्यांनी टाकला.

बेटावर माडांच्या सावलीत लाकडी खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही दोन घेतल्या. पाणी काचेसारखं, वाळू भाजणारी, आणि आजूबाजूला आमच्या वयाची माणसं चड्डीवर हिंडत होती, बघवत नव्हतं. हे खुर्चीत टेकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तू जाडी झालीस. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते ह्यासाठी? तर म्हणाले, नाही, हे आधी सुचलं. आणि मग म्हणाले, पोरगी त्या नोकरीला नाही म्हणणार आहे, आपल्यामुळे. मला म्हणाली, आजीला सांगू नका. मी विचारलं, मग आजवर का नाही सांगितलंत? तर म्हणतात, तूच म्हणाली होतीस ना, एक अक्षर बोलायचं नाही. आज तूच बोललीस, म्हणजे बंदी उठली. असा हा माणूस! मी हसले नाही, रडलेही नाही. चप्पल काढून त्यांच्या दिशेने वाळू उडवली, एवढंच. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मखमल मीच फिरवली होती. मी म्हटलं, ते मला, मॅनेजरला आणि त्या हॉलमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

तर सांगायचं म्हणजे, आमचं बोलणं सुरू झालंय. फार सुखाचं नाही. कालपासून दोनदा भांडलो, एकदा पंख्यावरून आणि एकदा तुझ्या आईच्या लग्नात कोण रुसलं होतं त्यावरून. पण संध्याकाळी मी बाटली घेतली, म्हटलं, वर बघा, डोळा मिटाल तर फोडीन. दोन्ही थेंब बरोबर डोळ्यात. आज सकाळी आंघोळीला जाताना हे आपणहून म्हणाले, मी आत चाललोय, कडी लावत नाही. घरी गेल्यावरही असंच चालेल. त्यांना राग आला तर खुशाल येऊ दे, पण हाक मारायची म्हणजे मारायची, आणि मी ओ द्यायची म्हणजे द्यायची. हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. डॉक्टरकडे मी नेणार. रिक्षा मला थांबवता येते, वाट मला विचारता येते, आणि रांगेत माझ्यापुढे घुसायची कोणाची छाती नाही.

आता कशासाठी लिहिलं ते. तू त्या कंपनीला हो कळवायचंस. डोंगरात उंदरासारखं खणत बसायचं काम तुला का आवडतं हे मला कळत नाही, पण त्याचं नाव काढलं की तू उभ्याने जेवतेस एवढं मी बघितलंय. आम्हाला धरून बसलीस तर तू चिडकी होशील, आणि घरात चिडकं माणूस एक पुरे, ते मी आहे. तुझी खोली मी आल्याबरोबर रिकामी करणार, शिवणाचं मशीन तिथे हलवणार, खिडकीपाशी उजेड चांगला आहे. म्हणजे परत यायचं म्हटलंस तरी चार दिवस पाहुणी म्हणून यायचं, सतरंजी देईन. तुझी आई म्हणेल, थोडं थांब, आजी-आजोबांचं बघू. तिला सांग, ते माझ्याशी बोल. काल हे पाण्यावर पाय उचलून उभे होते तेव्हा मध्ये कोणी नव्हतं, मीच होते, आणि ते माझंच ऐकून थांबले. यापुढे तेवढंच लागणार आहे. सोमवारपर्यंत मुदत आहे असं आजोबा म्हणाले. तर आधी त्या ऑफिसला "येते" असं कळव, आणि मग मला उत्तर पाठव. तुझ्या आईने फोन करून तुझं म्हणणं मला सांगायचं नाही. उत्तर तूच द्यायचंस, तुझ्या हाताने.

तुझीच, कोणाला न विचारता ठरवणारी,
आजी