पाहुण्यांचा कोपरा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळी ऑम्लेट उलटताना एकदम आपलं जुनं स्वयंपाकघर आठवलं. शाळेला उशीर होत असायचा, दोघांत मिळून एक ऑम्लेट, आणि आईने ठरवून दिलेलं की जो कापेल त्याने शेवटी घ्यायचं. तू दप्तरातून फूटपट्टी काढायचास. भूमितीच्या वहीवर तेलाचे डाग पडले म्हणून मास्तरांनी तुला बाकावर उभं केलं, तरी दुसऱ्या दिवशी पट्टी हजर. मी रोज त्यातला मोठा तुकडा शोधायची आणि तो मला कधीच सापडला नाही.

हे आठवायला कारण आहे. तुझं खुब्याचं ऑपरेशन ठरलं, लेक तुला तिच्या गावी घेऊन गेली, आणि जाताना तू आपल्या फुटबॉल संघाच्या समर्थक मंडळाची तिकीटवाटणी माझ्या गळ्यात घातलीस. उन्हाळ्यापर्यंत सांभाळ म्हणालास. जन्मभर मुलींचे पेपर तपासलेल्या बाईला यात काय अवघड, असं मला वाटलं होतं. आता बाहेरगावचा प्रत्येक सामना पाहून झालाय, जांभळा मफलर माझ्याही गळ्यात आला आहे आणि मागच्या सामन्यात पंचाला उद्देशून जे बोलले ते इथे लिहिणार नाही. शिट्टी माझ्याकडे बघतच राहिला. (तो अजून दोन बोटं तोंडात घालून तशाच शिट्ट्या मारतो. लग्न ठरतंय त्याचं. मुलगी ऐकायला थोडी कमी आहे असं तोच हसत सांगतो.)

तर बातमी अशी. हंगामातला शेवटचा बाहेरचा सामना तू आता आहेस त्याच गावात आहे, जुन्या मैदानावर. यजमान क्लबने कळवलंय की पाहुण्यांच्या कोपऱ्यातले बरेच बाक मोडले आहेत, म्हणून तिकिटं नेहमीच्या निम्मीच मिळतील. वर्षभर सगळ्यांना पुरत होती, आता पहिल्यांदाच कुणाला तरी नाही म्हणावं लागणार. आजपासूनच लोक मला रस्त्यात जरा जास्तच आदराने नमस्कार करू लागलेत.

पाय कसा आहे ते खरं लिही. लोभ आहेच, तो तिकिटांच्या पलीकडे राहावा.

तुझी
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाय ठीक. काठी घेऊन खालच्या दुकानापर्यंत जातो आणि वर येताना लेक मागे उभी राहते, जणू मी कपबशा घेऊन चढतोय. जावई चांगले आहेत. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही, पण माझ्यासाठी बातम्यांचं शेवटचं पान राखून ठेवतात.

माझ्या खोलीच्या गॅलरीतून मैदानाचे दिव्यांचे खांब दिसतात. सामना असला की आवाज येतो. गोल झाला की आधी आवाज आणि मग समोरच्या इमारतीतल्या कुत्र्याचं भुंकणं. मी आता आवाजावरून सांगू शकतो की गोल कुणी केला, यजमानांनी की पाहुण्यांनी.

या मैदानावरचा आपला तो गोल तुला किती वेळा सांगितलाय. डावीकडून आलेला उंच चेंडू, आपल्या नऊ नंबरने घेतलेली उडी, वरच्या कोपऱ्यात थरथरलेली जाळी. अजून डोळ्यांसमोर आहे.

मुद्द्यावर येतो. मला एक तिकीट हवं आहे. मी मंडळाचा आजन्म सभासद आहे, माझा अर्ज यासोबत जोडला आहे. तुम्हां सगळ्यांत मला एक सरकवून दे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना दिली, एक मला मिळायला कुणाची हरकत नसावी. तू थोरली बहीण आहेस म्हणून सांगत नाही. थोडंसं म्हणूनच सांगतोय.

तुझ्या मायेची सवय झालेला
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सभा होती, चष्मेवाल्यांच्या दुकानात. समोर अक्षरांचा तक्ता टांगलेला, त्यामुळे जो तो बोलता बोलता नकळत खालची ओळ वाचायचा प्रयत्न करत होता.

तुझा अर्ज मी वाचून दाखवला. सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण नियम सगळ्यांना पाठ आहे आणि तो तुझाच आहे. या हंगामात जो बाहेरगावी जास्त वेळा आला, त्याचा हक्क आधी. त्याप्रमाणे रांग लावली तर सर्वांत वर मी येते. तिकिटं संपतात ती नर्सपाशी. ही नवी मुलगी, हॉस्पिटलातल्या पाळ्या बदलून बदलून दोन सामन्यांना आली होती, एकदा तर गणवेशातच. तिच्याखाली एकच नाव उरतं, ते तुझं. तू यंदा एकदाही आला नाहीस. का आला नाहीस ते सगळ्यांना माहीत आहे, पण नियमात कारणाला रकाना नाही.

शिट्टी म्हणाला की ताईंनी आपलंच तिकीट भावाला द्यावं. त्यावर बेकरीवाल्याने मान खाली घातली. तुला आठवत असेलच, त्याने एकदा आपलं तिकीट मेहुण्याला दिलं होतं, आणि मेहुणा आपल्या कोपऱ्यात बसून समोरच्यांच्या गोलला उभा राहून टाळ्या वाजवत होता. तेव्हा तूच मेहुण्याचा नियम केलास की तिकीट परस्पर नातेवाइकाला द्यायचं नाही. नको असेल तर परत करायचं, ते रांगेतल्या पुढच्याला. बहिणीला त्यातून सूट ठेवायला तू विसरलास.

तेव्हा नाही म्हणते. सामन्याला आले की आदल्या दिवशीच येईन, लेकीकडे राहीन, तुझ्या गॅलरीत बसून दोघं चहा पिऊ. रागावू नकोस. रागावलास तर दोन दिवसच रागाव, पोस्टाला तेवढेच लागतात.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नियम नियमच आहे. तुझं बरोबर आहे.

व्याहीबुवांनी, म्हणजे जावयांच्या वडिलांनी, यजमानांच्या बाजूला त्यांच्याशेजारची खुर्ची देऊ केली आहे. अट एवढीच की जांभळं काही घालायचं नाही आणि गोल झाला तर हात मांडीवर ठेवायचे. भला माणूस आहे, पण मी अजून हो म्हटलेलं नाही. माझे हात माझं ऐकतील असं मला वाटत नाही.

तुम्ही नीट या. बसने येताना पुलाच्या अलीकडे थांबा, पुढे गाडी लावायला जागा नसते. तुम्ही मागच्या सामन्यात बचाव फार पुढे आणलात, तसं इथे करू नका, तुम्ही हराल.

कळावे.
धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि शिक्षिकेच्या सवयीने एका शब्दाखाली रेघ ओढली. तुम्ही.

तुम्ही बचाव पुढे आणलात, तुम्ही हराल. हे कधीपासून? आपण नऊ गोलांनी हरलो होतो तेव्हासुद्धा तू आपण हरलो असंच म्हणत घरी आला होतास.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला एकदा विचारलं होतं की इंग्रजीतल्या एका ‘वी’साठी तुमच्याकडे आम्ही आणि आपण असे दोन शब्द कशाला. मला सांगता येईना. वर्गात पहिली येणारी मी, आणि घरी येऊन रडले. तू तेव्हा अर्ध्या चड्डीत गोट्या मोजत बसला होतास. मान वर न करता म्हणालास की आम्ही म्हणजे तुला सोडून आणि आपण म्हणजे तुझ्यासकट. दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं आणि सिस्टरनी मला रंगीत चित्र दिलं. ते तुझं होतं खरं तर.

म्हणून विचारते. परवा जावई आले होते. वरच्या तुझ्या खोल्यांची, दारांची, कपाटांची मापं घेऊन गेले. मी चहा दिला, विचारलं काही नाही. तू उन्हाळ्यात परत येणार आहेस ना?

ताई

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही.

डॉक्टरांचं म्हणणं आहे की तो जिना आता विसरायचा. तू खाली राहतेस, मी वर, मधला तो एवढासा जिना. ज्यावर बसून आपण मोज्यांतली वाळू झटकायचो तोच. लेक म्हणते जागा सोडून देऊ, इथे लिफ्ट आहे. महिना झाला ठरून. तुला लिहायला घेतलं की दरवेळी पायाबद्दलच लिहून पाकीट बंद करत होतो.

तुम्ही असं लिहिलं गेलं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आपण म्हणायचा हक्क कुठपर्यंत असतो ते कळेनासं झालंय. पुढच्या हंगामात मी कुठे असेन? इथे, त्यांच्या गावात, त्यांच्या दिव्यांखाली. म्हणून हे एक तिकीट मागितलं होतं. शेवटचं एकदा आपल्या माणसांत बसावं.

पण तू म्हणालीस ते योग्यच. नर्सचं तिकीट काढून मला देऊ नकोस, तसं केलंस तर मी फाटकातून परत जाईन. मी राग धरलेला नाही. दोन दिवसांचा होता, पोस्टात संपला.

वरच्या कपाटातला मोठा झेंडा शिट्टीला दे. काठी वेगळी आहे, पलंगामागे.

तुझा
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जिन्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. येईन तेव्हा बोलू, किंवा गॅलरीत गप्प बसू.

काल पुन्हा सभा घेतली. तुझं पत्र सगळं वाचलं नाही, पण परत येत नाहीस एवढं सांगितलं. चष्मेवाले एकच काच पुसत राहिले. मग वातावरण हलकं करावं म्हणून मी तुझा तो गोल सांगायला घेतला. डावीकडून उंच चेंडू, नऊ नंबरची उडी, वरचा कोपरा. तर चष्मेवाले खोकले. बेकरीवाला हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

तो गोल त्यांच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून घरंगळत आत गेला होता म्हणे. जाळी हललीसुद्धा नाही. आणि तू तो पाहिलाच नव्हतास. तू बाहेर बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ऐकला होतास.

मग एकेकाने सांगितलं. वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं, ही तुझी पद्धत. इतर ठिकाणी तिकीट उरायचं, तू आत जायचास. पण या मैदानावर पाहुण्यांना नेहमीच कमी तिकिटं, त्यामुळे इतक्या वर्षांत तुझ्यापर्यंत एकदाही पोचलं नाही. दरवेळी तू फाटकाशी उभा राहून सगळ्यांना आत पाठवायचास आणि बसमध्ये जाऊन बसायचास. यंदा तिकिटं पुरत होती, म्हणून मला हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. त्या पाहुण्यांच्या कोपऱ्यात तू कधी पाऊलच ठेवलेलं नाहीस. अर्जात हे लिहिलं असतंस तर? पण तू नसतंच लिहिलंस.

मी रांगेचा कागद पुढे घेतला, सर्वांत वरचं माझं नाव खोडलं आणि सर्वांत खाली लिहिलं, तुझ्याही खाली. यंदा कापणारी मी आहे. रांग एकाने वर सरकली. नर्सला तिचं मिळालं, तिच्यानंतर तुझं नाव होतं, तुला तुझं मिळालं, आणि माझ्यापाशी येईपर्यंत संपली. शिट्टीने हरकत घेतली की ताईंची हजेरी सगळ्यांत जास्त. मी त्याला आपल्या ऑम्लेटची गोष्ट सांगितली. फूटपट्टीसकट.

मेहुण्याचा नियम काढून भांडायला येशील हे मला माहीत आहे. तर ऐक. मी माझं तिकीट तुला दिलेलं नाही. मला तिकीट मिळालेलंच नाही. आईच्या हिशेबाने मी जिथे उभं राहायला हवं होतं तिथे उभी राहिले. यात कुठे चूक असेल तर पट्टी लावून दाखव.

सगळे तुझी वाट बघत आहेत. पायाला जप, आणि आमच्यावर, चुकले, आपल्यावर लोभ ठेव.

तुझी
ताई

ता. क. तिकिटांचं पाकीट यासोबत तुझ्याच नावाने पाठवते आहे. बस पुलाच्या अलीकडे थांबेल, तू नेहमीसारखा फाटकाशी उभा राहून तिकिटं वाट. चष्मेवाल्यांना खांबाआडची जागा देऊ नकोस, ते तक्रार करणार नाहीत पण सामनाभर मान वाकडी करतील. शिट्टीला सर्वांत मागची, पुढच्यांचे कान वाचतील. झेंडा तो घेऊन येतोय. बेकरीवाल्याला मधली, तिकीट त्याच्याच हातात दे, मेहुणा सोबत येतोय असं ऐकते. नर्स कदाचित उशिरा, गणवेशात येईल. तिचं कोपऱ्याला पेन्सिलीने खूण केलेलं आहे, ते बाजूला काढून ठेव. व्याहीबुवांना माझा नमस्कार सांग आणि कळव की त्यांच्याशेजारची खुर्ची मी घेते. जांभळं घालणार नाही, हात मांडीवर ठेवेन, मला कॉन्व्हेंटपासून सवय आहे. सगळ्यांचं देऊन झालं की पाकिटात एक राहील, कडेच्या बाकाचं, पाय लांब करता येईल असं. या वेळी मी मोजून घेतलं आहे. ते तुझं.