तात्या म्हणतात दुरुस्त झालं

मंगळवार, संध्याकाळ. बारामती.

डोकं फिरलंय नुसतं. कळसला तात्यांच्या डाळिंबाच्या बागेत मी बसवलेला ठिबकचा कंट्रोलर आठवडाभर मध्येच हँग होतोय. व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि एकाच कोपऱ्यात पाणी तुंबतं. म्हणून आज ट्रेसिंग चालू केलं. कंट्रोलरचा कर्नल, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरचा गाभा, आत काय काय करतो, त्याची क्षणाक्षणाची नोंद. आता सापडतोस, म्हणत सहा तास बांधावर बसले. एकदाही हँग नाही! ट्रेसिंग बंद केलं, तर दहा मिनिटांत हँग. परत चालू केलं, परत साळसूद.

कारण कळतंय मला. प्रत्येक नोंद लिहिताना तो कणभर थांबतो, आणि एरवी एकमेकांवर आदळून त्याला अडकवणारी दोन कामं तेवढ्यात पुढंमागं होतात. दोष तिथंच आहे मेला. फक्त बघायला गेलं की लपतो.

तात्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग ते लिवायचं चालूच ठिव की."

"तात्या, ही दुरुस्ती न्हाय!"

"पानी टायमाला येतंय न्हवं? मग झालं तर."

आणि मी ठेवलं चालू. का ठेवलं? मुळं कुजतील म्हणून, की दमले होते म्हणून?

आत्ताच तात्यांचा फोन. पोरीनं एका दिवसात दुरुस्त केलं, असं गावभर सांगितलंय. सणसरच्या त्यांच्या मेव्हण्यालाही अगदी तसलाच कंट्रोलर हवाय.

मी हो म्हणाले.