समोरची मोकळी जागा

अप्पा,

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, मला शिकवलेला नियम तुम्ही स्वतः मोडलात. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि मी सातवीत होते. आता मी निवृत्त आहे, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत आहे. तेव्हा जाब आज विचारते.

नियम कुठे शिकवलात तेही सांगते, कारण अडचणीचं असलं की तुम्ही विसरायचात. चुलीपुढे. दिवाळीच्या सुट्टीत मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून घरी आले होते. तुम्ही आईच्या हातातलं उलथणं काढून घेतलंत आणि आडवं धरून धुरातून फिरवलंत. "इंजिन बंद पडलं तर काय करायचं?" मी म्हणाले, "देवाचं नाव घ्यायचं." सिस्टरांनी तसंच सांगितलं होतं. "ते नंतर. आधी नाक खाली. वेग गेला की विमानाचा दगड होतो. मग समोर जी मोकळी जागा दिसेल ती आपली. उंची नसताना वळायचं नाही. जो वळला तो मेला." आई तव्याकडे बघत म्हणाली, "भाकर करपी ऱ्हायनी, तुमनं इमान खाले उतारा आते." तुम्ही मुकाट्याने उलथणं परत दिलंत. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींचं दोन जागांचं विमान चालवणारा माणूस, घरात मात्र आईच्या हुकमाने उतरायचा.

शेठजींना हौस, म्हणून दरवर्षी सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेवरून, तिथल्या घोडेबाजारावरून, तुमची एक फेरी असायची. घोडे पळवून दाखवायच्या लांब पट्ट्यावर तुम्ही न उतरता अगदी खाली यायचात. घोडे बुजू नयेत म्हणून आधी इंजिनाचा आवाज अगदी बारीक करायचात, आणि मग कागदी पुड्यांतून रेवड्यांचा पाऊस. लोकांना ते पाठ झालं होतं. आवाज थांबला की रेवड्या. घोडेवाले लगाम आवळून बाजूला व्हायचे आणि बाकीची यात्रा पट्ट्यावर धावायची.

त्या सकाळी, यात्रेसाठी बोर्डिंगमधून रजा काढून आलेली मी आत्याबरोबर पट्ट्याच्या कडेला उभी आहे. अंगात शाळेचा लाल स्वेटर. तुम्हीच बजावलं होतंत, "लाल घाल, वरून ओळखू येशील." विमान तापीच्या बाजूने येतं, दोनदा खोकतं आणि गप्प होतं. पुढचा पंखा थांबलेला मला दिसतो. दरवर्षी तो फिरत असायचा, पण त्याचा अर्थ कळायच्या आत आत्या माझा हात ओढते, "तुन्हा बाप उना व पोर, पय!" आणि सगळी यात्रा पळते, पोरांना खांद्यावर घेऊन, पदर पसरून. मीसुद्धा पट्ट्याच्या मधोमध. तुमचं नाक खाली होतं. अगदी शिकवल्याप्रमाणे. समोर सपाट, सरळ जागा होती आणि तिच्यावर आम्ही हात वर करून उभे होतो. मग तुमचा डावा पंख खाली गेला. तुम्ही नदीकडे वळलात. वाळूपर्यंत पोचला असतात तर आज हे पत्र नसतं. काठच्या दरडीवरच आपटलात. आवाज झाल्यावरसुद्धा काही माणसांचे हात क्षणभर वरच होते.

चौकशीला आलेले साहेब पेट्रोलात पाणी गेल्याचं म्हणाले आणि पुढे म्हणाले, वैमानिकाने वळायला नको होतं. गाव म्हणालं, देवमाणूस. मला दोघांचाही संताप येतो. पुढे मी जन्मभर मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं; वळणात पंखाचं काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं, हेच तर मला सहन होत नाही. पट्ट्यावर तेव्हा कोण होतं, हे मात्र त्यांनी एकालाही विचारलं नाही. आणि गावाला देवमाणूस मिळाला. आईला दोन माणसांच्या भाकरी थापायची सवय मोडायला किती वर्षं लागली, ते गावाने पाहिलं नाही.

माझा प्रश्न एकच आहे. तुम्ही गर्दी पाहून वळलात, की लाल स्वेटर पाहून? गर्दीसाठी वळला असाल, तर तुम्ही सगळ्यांचे. मीही सगळ्यांबरोबर हात जोडून मोकळी होईन. दुसरं काही असेल, तर इतकी वर्षं मी कोणाच्या वाटणीचं जगले, ते मला ठरवावं लागेल.

येत्या दत्तजयंतीच्या आत उत्तर पाठवा. लेखी. स्वप्नात येऊन तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. पाकिटावर काय पत्ता घालायचा ते मला माहीत नाही, म्हणून हे माझ्याकडेच राहील. पण मुदत ती मुदत. फार लिहू नका. 'स्वेटर दिसला नव्हता' एवढंच लिहा. मुलींच्या खोट्या सबबी मी दारातूनच ओळखायचे. ही एक ओळखणार नाही.