ऐकणारा चौथा

निफाड,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. अश्विन,

अनेक आशीर्वाद. आई बरी, मी बरी, बागेत मणी छान फुगायला लागलेत, थंडी मात्र मरणाची आहे. पत्र बघून हसला असशील. हातात फोन असताना ताईला हे कुठून सुचलं? अरे, फोनवर माझी जीभ सुटते. कागदावर हात आवरता येतो.

तुला तुझ्या धंद्यातलं एक विचारायचंय. आमच्या शेतकरी कंपनीत, म्हणजे इथल्या द्राक्षवाल्यांनी मिळून काढलेल्या, नवी यंत्रणा आलीय. पूर्वी पारा घसरला की मी आणि ऑफिसातला रवी एकेकाला फोन लावत बसायचो, "काका, पहाटे शेकोट्या पेटवा, ठिबक सोडा." अर्धे उचलायचेच नाहीत. आता बागेबागेत हवामानाचा खांब आहे आणि प्रत्येक बागेच्या नावाचा एक टॉपिक, म्हणजे मोबाईलवरचा फळाच म्हण. खांब तापमान त्या टॉपिकवर टाकतो आणि मोकळा होतो. ज्यांनी तिथे नाव नोंदवलंय त्यांच्या मोबाईलवर ते जातं.

मी रवीला विचारलं, "खांबाला कळतं का, कुणाकुणाला गेलं ते?"

"नाही ताई, मुद्दामच तसं बनवलंय. टाकणाऱ्याला ऐकणारा माहीत नसतो, ऐकणाऱ्याला टाकणारा. मधे सर्व्हर बसलाय, वाटायचं काम त्याचं."

मला काही हे पचेना. निरोप द्यायचा आणि कुणाला दिला ते ठाऊक नाही, हे काय वागणं झालं? तू बंगळुरात दिवसभर हेच करतोस ना? तुला कधी वाटत नाही का रे, पलीकडे कोण असेल म्हणून?

आपल्या लोकांची तर कमालच. तापमान आलं की खाली उत्तर लिहितात! "बरं ताई. जेवण झालं का?" ती उत्तरं कुठेच जात नाहीत, हे सांगून माझा घसा बसला. आपले तात्याही रोज सकाळी न चुकता "बरं" लिहितात. मी म्हटलं, तात्या, ते यंत्र आहे. तर म्हणाले, "निरोप आल्यावर हूं पण म्हणायचं नाय का? लय उद्धट दिसतं ते." शेजारच्या नाथाकाकांनी तर स्वतःची बाग सोडून आपल्या बागेच्या टॉपिकवर नाव घातलंय. तात्या फवारणी कधी करतात, त्यावर डोळा.

हो, आपल्या बागेतही खांब आहे. तू रोवलेला तात्यांनी चारचौघांत उपटून फेकला आणि तू बॅग भरून गेलास, ते सगळं मला आठवतं. पण या वेळी कंपनीची माणसं आली तेव्हा तात्या स्वतः उठले आणि म्हणाले, "विहिरीपाशी नको, वरच्या अंगाला रोवा. पोरानं रोवला होता तिथंच." मी बाजूला उभी होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आता गंमत ऐक. रवीच्या स्क्रीनवर ऐकणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, नुसता आकडा दिसतो. आपल्या बागेपुढे चार. तात्या, मी, नाथाकाका. मग चौथा कोण? मी नाथाकाकांना गाठलं, "तुमच्याकडे दोन फोन आहेत का?" ते म्हणाले, "एकच धड चालवता येत नाय, दुसरा कुठं घालू?" आईकडे तर साधा फोन. माझं डोकं चालेना.

मग मध्यंतरी आपला खांब बंद पडला. तात्यांना दोन दिवस वाटलं, रेंज नसेल, पण ऑफिसात बिननावाची ईमेल आली: वरच्या अंगाच्या खांबाचं तापमान येत नाही, सोलर पॅनलवर शेवग्याची सावली पडत असेल, फांदी छाटून बघा. रवी चक्रावला. तिथे शेवगा आहे हे बाहेरच्या कुणाला माहीत असणार?

तो तू आहेस असं मी म्हणत नाही. फांदी छाटली, खांब सुरू झाला, एवढंच कळवते.

तात्या आता बागेत दोन ओळी चालले की खुर्ची मागतात. आईने त्यांच्या भाजीतलं मीठ बंद केलंय. ती स्वयंपाकाची गोष्ट झाली. सध्या आमच्या नाशिकला सारख्या खेपा चालू आहेत, आणि याच्या पुढचं मी लिहीत नाही. कारण तात्यांनी मला देवघरासमोर उभं करून शपथ घातलीय. "अश्विनला माझ्या तब्येतीचं अक्षर कळवायचं नाय. कीव करून आलेला पोरगा मला नको." शपथ मी मोडणार नाही. पण शपथ घातली हे सांगायचं नाही, अशी काही शपथ त्यांनी घातलेली नाही. तेवढं त्यांना सुचलं नाही!

म्हणून मी रवीकडून एक नवा टॉपिक करून घेतलाय. त्यावर मी कुणाला काही कळवणार नाही, नुसतं टाकणार. ऐकणारा कोण हे मला माहीतच नसणार, तेव्हा देवालाही तक्रार करता येणार नाही. तो कुठे जाहीर केलेला नाही, नाहीतर नाथाकाका तिथेही हजर. त्याचं नाव 'चिमासाहेबी'. तात्यांनी पहिल्यांदा लावलेली ती द्राक्षं, ज्यांच्या मांडवाखाली आपण अभ्यासाला बसायचो. कंपनीच्या ॲपमध्ये एवढंच नाव टाकायचं.

तेरा तारखेला, मंगळवारी, भोगीच्या सकाळी मी नाशिकला एका बाकावर बसलेली असेन. समोरच्या दारातून जो कुणी बाहेर येईल तो जे सांगेल, ते मी जसंच्या तसं तिथे टाकेन. चांगलं असो, नसो.

रवीला मी शेवटचं एक विचारलं. कुणी उशिरा नाव नोंदवलं तर त्याला आधीचे निरोप मिळतात का? मोठ्या कंपन्यांत साठवून ठेवतात म्हणे. आमची यंत्रणा स्वस्तातली. तो म्हणाला, "नाही ताई. टाकलं त्या क्षणी जो जोडलेला असेल त्यालाच. मागून येणाऱ्यासाठी आपल्याकडे काही शिल्लक राहत नाही."

अश्विन, मला फार भीती वाटते रे. बाकावर दोघांना जागा असते. ये. नाहीच जमलं, तर बारा तारखेच्या सोमवारच्या आत नाव तरी नोंदव.

अजून शपथेत असलेली,
पल्लवीताई